पडणाऱ्या अणूचे मापन : मार्क कॅसेविच यांचे शीत-अणू संशोधन आणि पुंज संवेदन

सारांश : लेसरच्या साहाय्याने थंड केलेल्या अणूंचा तरंगधर्म वापरून गुरुत्वत्वरण, घूर्णन व गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म फरक मोजण्याचे शास्त्र गेल्या साडेतीन दशकांत विकसित झाले. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मार्क कॅसेविच यांची शैक्षणिक कारकीर्द या शास्त्राच्या वाढीशी जवळून निगडित आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या संशोधनाचे प्रमुख टप्पे, त्यांमागील भौतिक तत्त्वे आणि या सर्व टप्प्यांतून आढळणारे एक समान सूत्र यांचे विवेचन केले आहे. अतिसंवेदनशील उपकरणाला सर्वच गोष्टींची चाहूल लागते, त्यामुळे नेमके काय मोजले जात आहे हे वेगळे काढणे हाच खरा संशोधनप्रश्न ठरतो, हे ते सूत्र होय.

बीजशब्द : शीत अणू, अणू-व्यतिकरणमापक, पुंज संवेदन, गुरुत्वत्वरण, त्रुटी.

१. प्रास्ताविक

पदवी अभ्यासक्रमाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढण्याचा प्रयोग आजही केला जातो. उत्तर ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके यावे, हे परीक्षकाला ठाऊक असते आणि विद्यार्थ्यालाही. त्यामुळे पुष्कळदा वाचनांवरून उत्तर काढण्याऐवजी उत्तरावरून वाचने तयार केली जातात. प्रयोगवहीच्या शेवटी 'त्रुटीची कारणे' या मथळ्याखाली हवेचा रोध, दोऱ्याची लांबी, घड्याळ सुरू करताना होणारा विलंब अशी पाठ केलेली यादी येते. त्रुटी ही लपवायची किंवा क्षमा मागायची गोष्ट आहे, असा संस्कार यातून नकळत होतो.

वस्तुतः विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ तर ध्रुवांजवळ सुमारे ९.८३ असते. म्हणजे संपूर्ण पृथ्वीवर आढळणारा फरक जेमतेम अर्धा टक्का आहे. महाविद्यालयीन लंबकाची अचूकता बहुधा एक टक्क्याच्या आसपास असल्याने हा फरकदेखील त्याला दिसत नाही. याउलट, आज अणूंच्या साहाय्याने गुरुत्वत्वरणातील काही अब्जांश भागांइतका बदल नोंदवता येतो. ही मजल केवळ अधिक महाग उपकरणे घेऊन गाठलेली नाही. त्रुटीकडे पाहण्याची दृष्टी बदलल्याने ती गाठता आली. ही दृष्टी समजून घेण्यासाठी मार्क कॅसेविच यांची कारकीर्द हे एक उत्तम उदाहरण आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू त्यांचे चरित्र सांगणे हा नसून, एका संशोधकाने एकच प्रश्न दीर्घकाळ कसा हाताळला, हे इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही आकलन होईल अशा रीतीने मांडणे हा आहे.

२. शिक्षण आणि पार्श्वभूमी

कॅसेविच यांनी १९८५ मध्ये डार्टमथ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर १९८७ मध्ये ऑक्सफर्ड येथून भौतिकशास्त्र व तत्त्वज्ञान या विषयांची पदवी संपादन केली. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्हन चू यांच्या मार्गदर्शनाखाली उपयोजित भौतिकशास्त्रात संशोधन करून १९९२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्या काळात शीत-अणूंचे क्षेत्र नुकतेच आकाराला येत होते. चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये बेल प्रयोगशाळेत सोडियमचे अणू लेसरच्या प्रकाशाने सुमारे २४० मायक्रोकेल्विन तापमानापर्यंत थंड केले होते. प्रकाशाने वस्तू तापते हा आपला नित्याचा अनुभव असल्याने, प्रकाशाने अणू थंड कसा होतो याचे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. वायूचे तापमान म्हणजे त्यातील अणूंच्या गतीचे माप होय. कक्षतापमानाला सोडियमचा अणू सेकंदाला साधारणतः पाच ते सहाशे मीटर वेगाने धावतो. अणू ज्या वारंवारतेचा प्रकाश शोषतो, त्याहून किंचित कमी वारंवारतेचा लेसर समोरून सोडला, तर प्रकाशाच्या दिशेने येणाऱ्या अणूला डॉप्लर परिणामामुळे ती वारंवारता वाढलेली भासते व तो फोटॉन शोषतो. दर शोषणागणिक त्याचा वेग सेकंदाला सुमारे तीन सेंटिमीटरने घटतो. अशा वीस हजारांच्या आसपास टकरी झाल्या की अणू जवळजवळ थांबतो. सहा बाजूंनी लेसर सोडल्यास अणू कोणत्याही दिशेने निघाला तरी त्याला अवरोध होतो. चू यांच्या गटाने या स्थितीला 'प्रकाशाची काकवी' या अर्थाचे नाव दिले ते त्यामुळेच. या शोधाबद्दल चू, क्लोद कोहेन-तानुजी व विल्यम फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

१९८७ मध्ये चू स्टॅनफर्डला आले. अणू थंड करता येतात हे तोवर सिद्ध झाले होते, पण थंड अणूंचे पुढे काय करायचे हा प्रश्न खुला होता. कॅसेविच यांचे संशोधन येथून सुरू होते.

३. अणूंचे कारंजे

जेरोल्ड झकारियास यांनी १९५० च्या दशकात अणूंचे कारंजे उभारण्याचा प्रयत्न केला होता. अणू वर उडवावेत, ते गुरुत्वाकर्षणाने परत खाली यावेत आणि या दीर्घ प्रवासात त्यांचे निरीक्षण करावे, अशी ती कल्पना होती. मात्र तप्त अणूंच्या झोतात पुरेसे मंद अणू फारच थोडे असतात व तेही वेगवान अणूंच्या धक्क्याने विखुरले जातात. त्यामुळे तो प्रयत्न फसला.

लेसर-शीतनामुळे ही जुनी कल्पना साध्य झाली. १९८९ मध्ये कॅसेविच, चू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या थंड अणूंचे पहिले यशस्वी कारंजे प्रसिद्ध केले. आज सेकंदाचे प्रमाण ठरवणारी सीझियमची कारंजी-घड्याळे याच तत्त्वावर चालतात. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. झकारियास यांची कल्पना चुकीची नव्हती, तिला आवश्यक असलेले साधन तीन दशकांनी उपलब्ध झाले. अयशस्वी प्रयोगांची नोंदही शास्त्रात का जपावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

४. अणू हीच मोजपट्टीवरील खूण

लुई द ब्रॉय्ली यांनी १९२४ मध्ये द्रव्यकणांनाही तरंगधर्म असतो असे प्रतिपादन केले. दोन तरंग एकत्र आले की कोठे ते एकमेकांना वाढवतात, कोठे एकमेकांना पुसून टाकतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. अणूच्या तरंगाचे दोन भाग करून, त्यांना दोन वाटांनी पाठवून पुन्हा एकत्र आणले, तर दोन वाटांवर घडलेल्या गोष्टींतील फरक व्यतिकरणातून उमटावा, अशी अपेक्षा होती. १९९१ मध्ये जगातील एकाहून अधिक गटांनी वेगवेगळ्या मार्गांनी असे अणू-व्यतिकरणमापक तयार केले. कॅसेविच व चू यांची पद्धत गुरुत्वाकर्षणाच्या मापनासाठी विशेष उपयुक्त ठरली.

या पद्धतीत मुक्तपणे पडणाऱ्या अणूंवर लेसरचे तीन स्पंद सोडले जातात. पहिला स्पंद अणूला दोन अवस्थांच्या अध्यारोपणात आणतो. त्यातील एका अवस्थेला प्रकाशाचा संवेग मिळतो व दुसऱ्या अवस्थेला मिळत नाही. त्यामुळे एकाच अणूचे दोन तरंगपुंज परस्परांपासून दूर जाऊ लागतात. दुसरा स्पंद त्यांच्या भूमिकांची अदलाबदल करतो व ते पुन्हा जवळ येतात. तिसरा स्पंद त्यांना एकत्र आणतो. शेवटी किती अणू कोणत्या अवस्थेत आहेत एवढेच मोजायचे असते. या क्रियेत दोन लेसरकिरण मिळून ज्या प्रकारे अणूची अवस्था बदलतात, तिला उद्दीपित रामन संक्रमण असे म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचे नाव या तंत्रज्ञानाच्या मुळाशी आहे, याची येथे नोंद घेणे उचित ठरेल.

गुरुत्वत्वरण यातून कसे कळते? लेसरच्या तरंगांची माळ ही एक अतिसूक्ष्म मोजपट्टी आहे, अशी कल्पना करावी. रुबिडियमसाठी वापरल्या जाणाऱ्या लेसरची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर असते व दोन किरण समोरासमोर असल्याने पट्टीवरील दोन रेघांमधील अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे ३९० नॅनोमीटर पडते. प्रत्येक स्पंदाच्या क्षणी अणू या पट्टीवर कोठे आहे, याची नोंद त्याच्या तरंगाच्या कलेत, म्हणजे तरंग आपल्या चक्राच्या कोणत्या टप्प्यावर आहे त्यात, होते. तीन क्षणांच्या तीन नोंदी एकत्र केल्या की सुरुवातीचे स्थान व एकसमान वेग वजा होतात आणि केवळ त्वरण उरते. दोन स्पंदांमधील काळ एक दशांश सेकंद असेल, तर त्वरणामुळे अणूने ओलांडलेल्या रेघांची संख्या सुमारे अडीच लाख भरते. त्यातील एका रेघेचा हजारावा भाग वाचता आला, तर गुरुत्वत्वरण पंचवीस कोटींत एक भाग इतक्या सूक्ष्मतेने कळते.

हा काळ दुप्पट केला तर परिणाम चौपट होतो. अणू थंड असणे का आवश्यक आहे, ते यावरून ध्यानात येईल. कक्षतापमानाचा रुबिडियमचा अणू एक दशांश सेकंदात जवळजवळ तीस मीटर दूर निघून जातो. एक मायक्रोकेल्विन तापमानाचा अणू तेवढ्याच वेळात दोन मिलिमीटरही पसरत नाही.

१९९१ च्या पहिल्या शोधनिबंधात तरंगपुंजांमधील अंतर कमाल २.४ मिलिमीटर होते, आणि एक हजार सेकंदांच्या निरीक्षणातून गुरुत्वत्वरण दहा लाखांत तीन भाग इतक्या सूक्ष्मतेने नोंदवले गेले. १९९९ मध्ये चू यांच्या गटाने सीझियमच्या अणूंनी मोजलेले गुरुत्वत्वरण, त्याच प्रयोगशाळेत पडणाऱ्या आरशाच्या पारंपरिक उपकरणाने मोजलेल्या मूल्याशी ताडून पाहिले. दोन्ही मूल्ये एक अब्जात सात भागांच्या मर्यादेत जुळली. एकच अणू आणि अब्जावधी अणूंचा बनलेला काचेचा तुकडा एकाच त्वरणाने पडतात, हे यातून प्रत्यक्ष मापनाने दिसले.

५. संवेदनशीलतेची किंमत

येथपर्यंतचे विवेचन वाचून हे उपकरण परिपूर्ण आहे असा समज होण्याची शक्यता आहे. वास्तविक खरी अडचण येथूनच सुरू होते. अणू मुक्तपणे पडतो, परंतु मोजपट्टी ज्या आरशाला बांधलेली असते तो आरसा जमिनीवर उभा असतो. रस्त्यावरून मालमोटार गेली, इमारतीत कोणी दार आपटले, दूर समुद्राच्या लाटा किनाऱ्यावर आदळल्या, तरी जमीन कंप पावते आणि आरसा हलतो. मोजपट्टी वर सरकली की अणू अधिक खाली पडल्यासारखा दिसतो. शिवाय उपकरणाला पृथ्वीचे घूर्णन जाणवते, चुंबकीय क्षेत्र जाणवते, लेसरच्या वारंवारतेतील चढउतारही जाणवतात.

पट्टीचे त्वरण आणि गुरुत्वाकर्षण यांत एकट्या अणूच्या साक्षीने भेद करणे तत्त्वतःच अशक्य आहे. आइन्स्टाइन यांच्या समतुल्यता तत्त्वाचा हाच आशय आहे. म्हणजेच कंपनाची अडचण ही कारागिरीतील उणीव नाही, ती निसर्गनियमातूनच उद्भवते. अधिक भक्कम टेबल घेतल्याने ती कमी होईल, पण नाहीशी होणार नाही.

१९९२ ते १९९७ या काळात स्टॅनफर्ड येथे अध्यापक म्हणून, १९९७ ते २००२ या काळात येल विद्यापीठात आणि त्यानंतर पुन्हा स्टॅनफर्ड येथे कॅसेविच यांनी केलेल्या कामाचा मोठा भाग या अडचणीच्या उत्तराचा आहे. ते उत्तर वजाबाकी हे होय. एकाच लेसरकिरणाच्या वाटेवर थंड अणूंचे दोन पुंज, एक वर व एक खाली, एकाच वेळी पाडले तर दोघांसाठी मोजपट्टी एकच असते. आरसा हलला तर दोन्ही नोंदी सारख्याच बिघडतात. एकीतून दुसरी वजा केली की आरशाचे हलणे निघून जाते आणि दोन ठिकाणच्या गुरुत्वत्वरणांतील फरक तेवढा शिल्लक राहतो. भूपृष्ठाजवळ एक मीटर वर गेल्यास गुरुत्वत्वरण एक कोटी भागांत सुमारे तीन भागांनी कमी होते. १९९८ मध्ये कॅसेविच यांच्या गटाने असा गुरुत्व-प्रवणतामापक तयार करून पृथ्वीची ही प्रवणता मोजली.

घूर्णनाच्या मापनातही हीच युक्ती वापरली गेली. १९९७ मध्ये त्यांच्या गटाने सीझियमच्या अणुझोतांचा वापर करून घूर्णनमापक सिद्ध केला. पुढे परस्परविरुद्ध दिशांनी जाणारे दोन झोत एकत्र वापरण्यात आले. झोताची दिशा उलटली की घूर्णनामुळे येणाऱ्या कलांतराचे चिन्ह बदलते, परंतु त्वरणामुळे येणाऱ्या कलांतराचे बदलत नाही. त्यामुळे दोन नोंदींची वजाबाकी घूर्णन देते व बेरीज त्वरण देते. एका प्रयोगात जी गोष्ट व्यत्यय म्हणून दूर सारली जाते, तीच दुसऱ्या प्रयोगात मोजण्याची राशी ठरते. व्यत्यय आणि संकेत यांतील भेद निसर्गाने केलेला नसून प्रश्न विचारणाऱ्याने केलेला असतो.

६. न्यूटनच्या स्थिरांकाचे मापन

प्रवणतामापकाचा एक महत्त्वाचा उपयोग गुरुत्वाकर्षणाचा वैश्विक स्थिरांक मोजण्यासाठी करण्यात आला. कॅसेविच यांच्या गटाने दोन अणुपुंजांजवळ शिशाचे ज्ञात वस्तुमान ठेवले आणि त्याची जागा बदलून दोन वेळच्या नोंदींतील फरक घेतला. म्हणजे येथे वजाबाकीचीही वजाबाकी झाली. पहिल्या वजाबाकीने आरशाचे कंपन गेले, दुसरीने पृथ्वीची स्वतःची प्रवणता गेली आणि केवळ शिशाचे आकर्षण उरले. २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले मूल्य ६.६९३ गुणिले दहाचा उणे अकरावा घात, एसआय एककांत, असे होते. त्याच घातात यादृच्छिक त्रुटी ०.०२७ आणि पद्धतिगत त्रुटी ०.०२१ इतकी दर्शवली होती.

मान्य मूल्य ६.६७४ असताना ६.६९३ हे उत्तर प्रसिद्ध करण्यात आले, ही बाब अध्यापकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. हे उत्तर त्या काळच्या सर्वोत्तम मापनांपेक्षा कमी अचूक होते. तरीही त्याला मोल होते, कारण पिळाच्या तराजूवर आधारलेल्या पारंपरिक पद्धतींहून ते सर्वस्वी वेगळ्या मार्गाने आले होते व त्याच्या त्रुटींची कारणेही वेगळी होती. मान्य मूल्यापासूनचा फरक घोषित त्रुटीच्या मर्यादेत असल्याने दोन्ही मूल्यांत विसंगती नव्हती. पुढे २०१४ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथील गटाने अणू-व्यतिकरणाच्याच पद्धतीने ६.६७१९१ हे मूल्य, ०.०००९९ इतक्या त्रुटीसह, प्रसिद्ध केले. प्रामाणिकपणे नोंदवलेल्या मोठ्या त्रुटीवरच नंतरची लहान त्रुटी उभी राहते.

७. दहा मीटरचे कारंजे

परिणाम काळाच्या वर्गाने वाढतो, हे वर आलेच आहे. स्टॅनफर्ड येथे उभारलेल्या दहा मीटर उंचीच्या अणू-कारंज्यामुळे अणूंना दोन सेकंदांहून अधिक काळ मुक्त पतन मिळू लागले. २०१५ मध्ये या गटाने एकाच अणूचे दोन तरंगपुंज ५४ सेंटिमीटर दूर नेऊन पुन्हा एकत्र आणले व व्यतिकरण दाखवले. १९९१ मधील २.४ मिलिमीटरच्या तुलनेत हे अंतर सव्वादोनशे पट आहे. पुंजयामिकीचे अध्यारोपण केवळ सूक्ष्म अंतरापुरते मर्यादित आहे, हा समज यामुळे दूर होतो.

२०२० मध्ये याच मनोऱ्यात रुबिडियमचे दोन समस्थानिक, ८५ व ८७, एकाच वेळी पाडून त्यांच्या त्वरणांची तुलना करण्यात आली. येथेही पद्धत तीच होती : पट्टी एक, पडणाऱ्या वस्तू दोन. एक लाख कोटींत काही भाग इतक्या सूक्ष्म मर्यादेपर्यंत दोघांच्या पडण्यात फरक आढळला नाही. 'मायक्रोस्कोप' या फ्रेंच उपग्रहाने २०२२ मध्ये जाहीर केलेले अंतिम निष्कर्ष याहून सुमारे हजारपट सूक्ष्म आहेत, हे खरे. तथापि उपग्रहात धातूंच्या नळकांड्यांची तुलना होती, येथे ती पुंजयामिकीच्या नियमांनी वागणाऱ्या अणूंची होती. दोन्ही प्रयोग परस्परपूरक मानणे योग्य होय.

२०२२ मध्ये या गटाने एका तरंगपुंजाला जड वस्तुमानाच्या सान्निध्यात नेऊन, सुमारे २५ सेंटिमीटर दूर असलेल्या दुसऱ्या तरंगपुंजाच्या तुलनेत त्याच्या कलेत पडलेला फरक मोजला. हा फरक केवळ गुरुत्वबलाने अणूचा मार्ग वळल्याने पडला नव्हता. गुरुत्वीय विभवाचाही त्यात प्रत्यक्ष वाटा होता. आहारोनोव्ह व बोम यांनी १९५९ मध्ये विद्युतचुंबकीय विभवांबाबत वर्तवलेल्या परिणामाचा हा गुरुत्वीय अवतार म्हणता येईल.

८. मोजणीचीच मर्यादा

सर्व बाह्य व्यत्यय वजा केल्यावरही एक गोंगाट उरतो. नाणे दहा लाख वेळा उडवले, तर छाप बरोबर पाच लाख वेळा पडेल असे नाही. संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढउतार होतात. अध्यारोपणातील अणूंची मोजणी करतानाही नेमके असेच घडते. प्रत्येक अणू स्वतंत्रपणे आपली अवस्था 'ठरवतो', म्हणून हा गोंगाट टळत नाही. मात्र अणू परस्परांत गुंतलेले असतील, तर एकाच्या चढण्याने दुसऱ्याचे उतरणे सावरले जाते. २००१ मध्ये कॅसेविच यांच्या गटाने बोस-आइन्स्टाइन संघनितात अशा संकुचित अवस्था दाखवल्या. २०१६ मध्ये सुमारे पाच लाख रुबिडियम अणूंवर त्यांनी हा गोंगाट, प्रचरणाच्या मापाने, शंभरपट कमी करून दाखवला. उपकरणात पुंजयामिकीचा वापर करणे ही एक पायरी असून, पुंजयामिकीनेच घातलेली मर्यादा तिच्याच साहाय्याने ओलांडणे ही पुढची पायरी होय. पुंज संवेदन, अर्थात क्वांटम सेन्सिंग, या संज्ञेत आज या दोन्हींचा समावेश होतो.

९. प्रयोगशाळेबाहेर

कॅसेविच हे २००४ मध्ये स्थापन झालेल्या 'एओसेन्स' या कंपनीचे सहसंस्थापक आहेत. उपग्रहीय संकेतांवाचून दिशादर्शन करण्यासाठी व गुरुत्वमापनासाठी उपयुक्त संवेदक विकसित करणे हे या कंपनीचे कार्यक्षेत्र आहे. इतरत्रही या तत्त्वाचा प्रसार झालेला दिसतो. फ्रान्समध्ये बनलेला अणू-गुरुत्वमापक २०२० मध्ये एटना ज्वालामुखीवर बसवण्यात आला. ब्रिटनमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या गटाने २०२२ मध्ये रस्त्याखालील सुमारे दोन मीटर रुंदीचे भुयार न खोदता शोधून दाखवले. रहदारीच्या कंपनात हे शक्य झाले, कारण त्यांचे उपकरणही दोन अणुपुंजांच्या वजाबाकीवर चालणारा प्रवणतामापक होता.

अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत शंभर मीटर खोल विवरात 'मॅजिस-१००' या अणू-व्यतिकरणमापकाची उभारणी हाती घेण्यात आली असून त्यात कॅसेविच यांचा सहभाग आहे. कृष्णद्रव्याचा शोध आणि भविष्यातील अधिक मोठ्या गुरुत्वतरंग-शोधकाची पूर्वतयारी असे त्याचे उद्देश आहेत. अशा शोधकाची लक्ष्य-वारंवारता सेकंदाला एका आवर्तनाच्या आसपासची आहे, आणि लायगोसारख्या शोधकांना ती नीट ऐकू येत नाही. हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारल्या जाणाऱ्या व २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळालेल्या लायगो-इंडिया प्रकल्पाचा विचार करताना हे पूरक क्षेत्रही आपल्या परिचयाचे असणे इष्ट आहे.

भारतातही या विषयाला आता संस्थात्मक आधार लाभला आहे. १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानासाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली. त्यातील चार केंद्रांपैकी पुंज संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र आयआयटी मुंबई येथे आहे. पुणे येथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतही शीत-अणूंवर प्रायोगिक काम चालते. पदवी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना या वाटा दाखवण्याची जबाबदारी अर्थातच अध्यापकांवर येते.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला निष्कर्ष संशोधनाच्या सातत्याविषयी आहे. १९८९ चे कारंजे, १९९१ चा व्यतिकरणमापक, १९९८ चा प्रवणतामापक, २००७ चा स्थिरांक व २०२० ची समस्थानिकांची तुलना ही वरवर वेगळी दिसणारी कामे एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत. पडणाऱ्या अणूच्या तरंगात काय लिहिलेले आहे आणि ते वाचायचे कसे, हा तो प्रश्न होय. वर्षाकाठी प्रसिद्ध झालेल्या निबंधांच्या संख्येवरून संशोधन जोखण्याच्या काळात अशा दीर्घ सातत्याचे मूल्य वेगळ्या रीतीने मोजावे लागेल.

दुसरा निष्कर्ष पद्धतीविषयी आहे. संवेदनशीलता वाढवणे हे अर्धेच काम असते. जे जाणवले ते कशामुळे, हे तुलनेच्या योग्य रचनेतून वेगळे काढणे हे उरलेले अर्धे काम आहे. सामाजिक शास्त्रांतील नियंत्रित गट किंवा वैद्यकातील तुलनात्मक चाचणी यांमागील विचार याहून निराळा नाही. म्हणून या विषयाचे महत्त्व केवळ भौतिकशास्त्रापुरते मर्यादित नाही.

तिसरा निष्कर्ष आपल्या वर्गाशी व प्रयोगशाळेशी थेट निगडित आहे. ६.६९३ हे उत्तर त्याच्या त्रुटीसह जगापुढे ठेवता येते, तर आपल्या विद्यार्थ्याला ९.६ हे उत्तर त्याच्या त्रुटीसह वहीत का लिहिता येऊ नये? लंबकाच्या प्रयोगात गुण ९.८ या आकड्याला न देता, वाचनांचा विस्तार किती आहे, त्यावरून अनिश्चितता किती ठरते आणि मान्य मूल्य त्या मर्यादेत बसते किंवा नाही, या विचाराला देता येतील. दोन वेगळ्या लांबींच्या लंबकांची वाचने घेऊन त्यांच्या फरकावरून गुरुत्वत्वरण काढल्यास गोळ्याचा मध्य ठरवताना होणारी सामाईक चूक आपोआप वजा होते, हेही त्याच तासिकेत करून दाखवता येते. यासाठी नवे अनुदान किंवा नवे उपकरण लागत नाही. लेसर व निर्वात नलिका आपल्या प्रयोगशाळेत येतील तेव्हा येतील. परंतु जे मोजले तेच लिहिण्याची सवय पहिल्या वर्षाच्या लंबकापासून लावता येते, आणि ती सवय नसेल तर पुढे लाभणारे कोणतेही उपकरण आपल्याला नवे काही सांगू शकणार नाही.